वेगळ्या पार्श्वभूमीच्या सहकाऱ्यांशी आदराने कसे बोलावे: कामाच्या ठिकाणासाठी सविस्तर मार्गदर्शक

भाषा, धर्म, जात, प्रांत, वय, लिंग, शिक्षण आणि हुद्दा अशा अनेक बाबतींत एकमेकांपासून वेगळी असलेली माणसे कामाच्या ठिकाणी दिवसाचे आठ-नऊ तास एकत्र घालवतात. त्यांच्यात उडणारे बहुतेक खटके वाईट हेतूतून उडत नाहीत. एकाला जे सरळ बोलणे वाटते ते दुसऱ्याला उद्धटपणाचे वाटते, एकाची भीड दुसऱ्याला टाळाटाळ वाटते, आणि दोघेही आपापल्या परीने सभ्यच वागत असतात. अशा वेळी जुळवून कोणी घ्यायचे, हा खरा प्रश्न असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर कोणी न बोलताच ठरलेले असते: नव्याने आलेल्याने, कनिष्ठाने, संख्येने कमी असलेल्याने. या लेखातील सर्व पायऱ्या याच्या उलट धारणेवर उभ्या आहेत. ज्याच्या हाती अधिकार अधिक आहेत, ज्याची भाषा कार्यालयात चालते, ज्याच्यासारखी माणसे तिथे बहुसंख्य आहेत, त्याने समजून घेण्याचे आणि समजावून देण्याचे कष्ट अधिक घ्यावेत. आदराचा व्यवहारातला अर्थ मला हाच दिसतो.

अमुक समाजाची माणसे अशी वागतात, तमुक देशातल्या लोकांशी तसे बोलावे, अशी यादी या लेखात नाही, आणि ती मुद्दामच दिलेली नाही. डच संशोधक गीर्ट होफस्टेडे यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून देशादेशांतील कार्यसंस्कृतीची तुलना केली. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, ही त्यांची एक प्रसिद्ध मोजपट्टी आहे. मात्र देशाची सरासरी एकट्यादुकट्या माणसाला लावू नये, असे त्यांनीच बजावले होते. सरासरी डोक्यात ठेवून समोरच्याशी बोलायला गेलो, तर आपण त्या माणसाशी न बोलता त्याच्याविषयीच्या आपल्या कल्पनेशी बोलत राहतो.

पहिली पायरी: आपल्या सवयी लिहून काढाव्यात

दुसऱ्याची पद्धत समजून घेण्याआधी आपलीही एक पद्धत आहे हे मान्य करावे लागते. ते अवघड जाते, कारण आपली पद्धत आपल्याला जगाची रीतच वाटत असते. म्हणून एक कागद घ्यावा आणि काही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे लिहावीत. दहाची बैठक म्हणजे दहाला पाच मिनिटे कमी असताना जाऊन बसायचे, की दहा वाजून दहा मिनिटे झाली तरी चालते? वरिष्ठांचे म्हणणे पटले नाही तर मी तिथल्या तिथे बोलतो, नंतर एकट्याने गाठून सांगतो, की गप्प बसतो? कोणी बोलत असताना मध्येच बोलणे मला उत्साहाचे वाटते की अपमानाचे? कामाचा विषय काढण्याआधी चार शब्द ख्यालीखुशालीचे झालेच पाहिजेत, असे मला वाटते का? मी कोणाला सहज एकेरी हाक मारतो, आणि कोणाला चुकूनही मारत नाही?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात प्रत्यक्ष नावे लिहावीत. दोन्ही बाजूंची नावे समोर आली की वय, पगार, शिक्षण, लिंग किंवा समाज यांपैकी कशावर आपला आदर अवलंबून आहे, हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

आपल्याला जे उघड वाटते ते दुसऱ्यापर्यंत किती कमी पोहोचते, याचा एक साधा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केला होता. त्यांचा प्रबंध १९९० चा आहे. काही जणांना सर्वांच्या ओळखीची गाणी देऊन त्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितले आणि समोरच्याला गाणे ओळखायला सांगितले. निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सुरांसह पूर्ण गाणे चालू असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसते ठोके पडतात. एकाच शाळा-महाविद्यालयांतून, एकाच प्रकारच्या घरांतून आलेल्या माणसांना एकमेकांचे सूर आधीच ठाऊक असतात, त्यामुळे त्यांचे अर्ध्या वाक्यात भागते. बाहेरून आलेल्याला पूर्ण वाक्य लागते, आणि ते देणे हे बोलणाऱ्याचे काम आहे.

दुसरी पायरी: नाव नीट घ्यावे, संबोधन विचारून ठरवावे

नाव ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट आहे. अपरिचित नाव पहिल्यांदा ऐकल्यावर ते लगेच स्वतः उच्चारून पाहावे आणि 'मी बरोबर म्हणतोय ना?' असे विचारावे. समोरच्याने दुरुस्ती केली की ती ऐकावी, एकदा पुन्हा म्हणावे आणि पुढे जावे. लांबलचक माफी मागत बसले की त्या माणसालाच उलट आपली समजूत काढावी लागते. मग ते नाव आपल्याला सोपे जाईल अशा लिपीत, उच्चाराप्रमाणे, वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवावे. नाव लांब आहे म्हणून आपणच त्याचे लघुरूप करू नये, आणि 'तुमचे काही सोपे नाव नाही का?' हा प्रश्न तर कधीच विचारू नये.

संबोधनाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. एखाद्या कार्यालयात पंचविशीतल्या अधिकाऱ्याला 'सर' आणि पन्नाशीच्या सफाई कर्मचाऱ्याला एकेरी हाक असे चित्र असेल, तर तिथे आदरावरची कितीही व्याख्याने झाली तरी ती वाया जातात. सर्वांना आदरार्थी बोलणे ही सुरुवात असावी. पुढे दोघांच्या संमतीने जवळीक आली आणि एकेरीवर उतरता आले तर ते चांगलेच, पण त्यासाठी दोन अटी आहेत: ते दोन्ही बाजूंनी असावे, आणि त्याचा प्रस्ताव कनिष्ठाला नाकारता येईल अशा पद्धतीने मांडलेला असावा. 'मला नावानेच हाक मारा' असे वरिष्ठाने सांगितले तरी काहींना ते जड जाते. त्यांच्यावर मोकळेपणाची सक्ती करू नये.

कंत्राटी कर्मचारी, सुरक्षारक्षक, चालक, निरोप पोहोचवणारे यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत, हेही तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-यादी आणली, तेव्हा पहिला छेद घेण्याआधी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगावी, असा एक मुद्दा तिच्यात घातला. हेतू शिष्टाचाराचा नव्हता. ज्याने आधी एकदा तोंड उघडलेले असते, तो पुढे धोका दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार आहे. हीच रीत कोणत्याही नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत पाळता येते.

तिसरी पायरी: ओळख वाढवताना कुतूहलाला लगाम घालावा

नव्या सहकाऱ्याबद्दल जाणून घ्यावेसे वाटणे चांगले आहे, पण आडनाव, उच्चार, वर्ण किंवा पेहराव यांवरून मनात अंदाज बांधायचा आणि तो खरा ठरवण्यासाठी आडून आडून प्रश्न विचारायचे, याला चौकशी म्हणतात. 'मूळचे कुठले?', 'म्हणजे त्याच्याही आधी कुठले?', 'घरी काय काय पाळता?', 'लग्न झाले नाही अजून?' असे प्रश्न विचारणाऱ्याला गप्पांसारखे वाटतात. ज्याला अशा प्रश्नांमागून आजवर अनेकदा वेगळी वागणूक मिळाली आहे, त्याला ती उलटतपासणी वाटते.

इथे एक कसोटी उपयोगी पडते: हाच प्रश्न मी माझ्यासारख्याच पार्श्वभूमीच्या नव्या सहकाऱ्याला पहिल्या दिवशी विचारला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर थांबावे. कामाशी संबंधित प्रश्न मात्र मोकळेपणाने विचारावेत: 'तुम्हाला फोनवर बोलणे सोयीचे पडते की लिहून?', 'कोणत्या दिवशी सुट्टी लागते, म्हणजे त्या दिवशी बैठक ठेवणार नाही?', 'कामात कोणती गोष्ट अडचणीची ठरू शकते?' वैयक्तिक गोष्टींचे दार समोरच्याने स्वतः उघडले तरच आत जावे. आणखी एक पथ्य असे, की एकाच माणसाला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करू नये. 'तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?' असे विचारण्यापेक्षा 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारावे.

चौथी पायरी: सरळ बोलणे आणि आडवळणाने बोलणे यांतला फरक ओळखावा

सर्वाधिक गैरसमज इथे होतात, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळायला हवे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७० च्या दशकात मांडलेली एक कल्पना आजही कामाला येते. काही ठिकाणी अर्थाचा मोठा भाग प्रत्यक्ष शब्दांत असतो, तर काही ठिकाणी तो संदर्भात, नात्यात, स्वरात आणि न बोललेल्या भागात असतो. पहिल्या रीतीत वाढलेल्याला दुसरी रीत अस्पष्ट वाटते. दुसऱ्या रीतीत वाढलेल्याला पहिली रीत उर्मट वाटते. एकच माणूस घरी एका रीतीने आणि कामावर दुसऱ्या रीतीने बोलू शकतो, आणि हुद्दा जसा खाली जातो तसे बोलणे बहुधा आडवळणाचे होते, कारण स्पष्ट बोलण्याची किंमत कनिष्ठाला जास्त मोजावी लागते.

ही किंमत किती मोठी होऊ शकते, हे २५ जानेवारी १९९० च्या विमान अपघातातून दिसते. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेले एव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ विमान खराब हवामानामुळे एकूण सुमारे १ तास १७ मिनिटे आकाशात घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले होते. वैमानिकांनी नियंत्रकांकडे 'प्राधान्य' मागितले, इंधन संपत असल्याचेही सांगितले, पण आणीबाणी आहे असे ठरलेल्या शब्दांत एकदाही जाहीर केले नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावरही सहवैमानिकाने नियंत्रकाच्या सूचनेला होकार देता देता त्याच वाक्याच्या शेपटीला इंधनाचा उल्लेख जोडला. नियंत्रकांना परिस्थितीचे गांभीर्य उमगले नाही. इंधन संपून विमान कोसळले आणि विमानातील १५८ पैकी ७३ जणांचा मृत्यू झाला.

या घटनेकडे बोट दाखवून 'त्यांची संस्कृतीच भिडस्त' असे म्हणणारे अनेक भेटतात. मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने वैमानिकांच्या चुकीबरोबरच, कमी इंधनाची स्थिती सांगण्यासाठी सर्वांना समजतील असे प्रमाणित शब्द नव्हते, याकडेही लक्ष वेधले. आज 'मिनिमम फ्युएल' आणि त्याहून गंभीर अवस्थेसाठी 'मेडे फ्युएल' असे ठरलेले शब्द विमानवाहतुकीत आहेत, आणि ते उच्चारायला धाडस लागत नाही, कारण ते नियमाचा भाग आहेत. प्रत्येक गटाने आपल्यापुरते असे शब्द ठरवून घ्यावेत. 'काम थोडे पुढेमागे होईल' याचा अर्थ दहा जण दहा प्रकारे घेतात. 'काम वेळेत', 'काम धोक्यात', 'काम अडले' अशा तीन ठरलेल्या पायऱ्या असतील तर भिडस्त माणूससुद्धा योग्य तो शब्द निवडून मोकळा होतो.

ऐकणाऱ्याने काय करावे, हे एका छोट्या संवादातून पाहू.

'शुक्रवारपर्यंत होईल ना?'
'हो, प्रयत्न करतो.'

या होकाराचा अर्थ 'होईल' असा असू शकतो, 'तुमचे म्हणणे ऐकले' असा असू शकतो, किंवा 'होणार नाही, पण तुम्हाला तोंडावर नाही कसे म्हणू' असाही असू शकतो. चूक प्रश्नातच आहे, कारण 'होईल ना' या शेपटीमुळे नकाराला जागाच उरलेली नाही. त्याऐवजी असे विचारावे: 'हे काम पूर्ण व्हायला कोणकोणत्या गोष्टी लागतील, आणि त्यांतली कोणती आज तुमच्या हातात नाही?' किंवा, 'शुक्रवार आणि पुढचा मंगळवार यांपैकी कोणता दिवस खात्रीचा धरू?' दुसऱ्या प्रश्नात नकार देण्याची गरजच पडत नाही. माणूस मंगळवार निवडतो आणि दोघांचाही मान राहतो. अडचण सांगितल्यावर 'बरे झाले आत्ताच सांगितले' एवढे म्हणण्याची सवय वरिष्ठाने लावून घेतली, तर पुढच्या वेळी अडचण आठवडाभर आधी कळते.

जे आडवळणाने बोलतात त्यांच्यासाठीही एक सूचना आहे. कामाची, सुरक्षिततेची किंवा पैशाची बाब असेल तेव्हा मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी आणि सौजन्य दुसऱ्या वाक्यात ठेवावे. 'यंत्राचा गार्ड निघालेला आहे, चालू करू नका. तुमच्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व.' हा क्रम उलटा झाला की ऐकणारा क्षमेपाशीच थांबतो.

पाचवी पायरी: बैठकीत सर्वांना बोलण्याची वेळ मिळेल असे करावे

शांत बसलेल्या माणसाकडे मत नाही, असे समजणे ही बैठकांमधली सर्वांत जुनी चूक आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १० भाषांच्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांच्यातील विराम मोजले गेले. सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाले आणि भाषाभाषांमधला फरक त्या सरासरीच्या पुढेमागे पाव सेकंदात बसला. फरक इतका छोटा असला तरी कानाला जाणवतो. ज्याला क्षणभर जास्त थांबायची सवय आहे, किंवा जो आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत वाक्य जुळवतो आहे, त्याने तोंड उघडेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी विषय पुढे नेलेला असतो.

यावर उपाय बैठक चालवणाऱ्याच्या हातात असतात. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवावी आणि प्रत्येक विषयापुढे 'निर्णय घ्यायचा आहे' की 'फक्त माहिती' हे लिहावे. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे आणि तोवर स्वतः बोलू नये. मते घेताना सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करावी, कारण साहेबांचे मत आधी बाहेर पडले की बाकीची मते त्याच्याभोवती गोळा होतात. ज्यांना सर्वांसमोर बोलणे जमत नाही त्यांना बैठकीनंतर दिवसभरात लिहून मत कळवण्याची मुभा द्यावी, आणि अशी मते बैठकीत मांडलेल्या मतांइतक्याच वजनाची धरावीत. कोणाला अचानक 'तुम्ही काहीच बोलला नाहीत?' असे विचारू नये. 'पुढच्या मुद्द्यावर तुमच्याकडून ऐकायला आवडेल' अशी पूर्वकल्पना द्यावी.

कोणी मांडलेली सूचना ऐकली न जाणे आणि तीच सूचना दहा मिनिटांनी दुसऱ्याने मांडल्यावर उचलली जाणे, हा अनुभव स्त्रियांना, कनिष्ठांना आणि वेगळ्या उच्चाराने बोलणाऱ्यांना फार वेळा येतो. तिथे उपस्थित असलेल्या कोणीही एका वाक्यात तो दुरुस्त करू शकतो: 'हा मुद्दा मघाशी त्यांनी मांडला होता, तो त्यांनीच पुढे मांडावा.' इतिवृत्तातही सूचना करणाऱ्याचे नाव लिहावे.

सहावी पायरी: भाषा सोपी करावी, माणसाला नाही

दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्याशी बोलताना आवाज चढवून किंवा लहान मुलाशी बोलावे तसे तोडून बोलणे अपमानास्पद आहे. वाक्ये लहान ठेवावीत, एका वाक्यात एकच सूचना असावी, तारीख आणि आकडे लिहून दाखवावेत, आणि वाक्प्रचार टाळावेत. समजले की नाही हे तपासण्यासाठी 'समजले का?' असे विचारण्यात अर्थ नाही. त्याचे उत्तर बहुतेक जण 'हो' असेच देतात. त्याऐवजी जबाबदारी स्वतःवर घ्यावी: 'मी नीट सांगितले की नाही हे मला तपासायचे आहे, तुम्ही आता कुठून सुरुवात कराल?' आपल्यालाच समजले नसेल तर मान डोलावू नये. 'शेवटचा भाग माझ्या लक्षात आला नाही, पुन्हा सांगाल का?' असे म्हणावे. जेवढे कळले तेवढे सांगितले तर समोरच्याला सगळे पहिल्यापासून बोलावे लागत नाही.

उच्चाराची नक्कल करू नये, कौतुकानेसुद्धा नाही. दोन सहकारी आपसात त्यांच्या भाषेत बोलत असतील तर तो त्यांचा हक्क आहे. मात्र तिसरा माणूस कामाच्या चर्चेत सहभागी असेल तर सर्वांना समजणाऱ्या भाषेवर यावे. दुभाषी असेल तेव्हा नजर आणि प्रश्न दोन्ही मूळ माणसाकडे ठेवावेत. 'यांना विचारा की...' असे न म्हणता थेट 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारावे. कर्णबधिर सहकाऱ्याच्या खुणांच्या भाषेच्या दुभाष्यालाही हेच लागू होते, आणि चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीऐवजी तिच्या मदतनिसाशी बोलण्याच्या सवयीलाही.

सातवी पायरी: चूक दाखवताना मान राखावा, मुद्दा गुळमुळीत करू नये

चारचौघांत कानउघाडणी करू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी घाईत ते मोडले जाते. चूक एकांतात, लवकरात लवकर आणि घटनेपुरती सांगावी. 'तुम्ही नेहमीच बेफिकीर असता' या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही. 'काल ग्राहकाला गेलेल्या पत्रकात दोन रकमा जुळत नव्हत्या. पाठवण्याआधी कोणती तपासणी झाली होती?' या वाक्यात घटना आहे, प्रश्न आहे आणि उत्तराला जागा आहे.

काही जणांना टीका गोड शब्दांत गुंडाळून दिली की ती ऐकूच येत नाही. काहींना ती उघडी दिली की दिवसभर दुसरे काही सुचत नाही. म्हणून कामाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावे: 'तुमच्या कामात काही खटकले तर ते कसे सांगितलेले तुम्हाला चालेल: लगेच तोंडी, की लिहून आणि नंतर भेटून?' हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतो, आणि तरीही तो फार थोडे जण विचारतात.

उलट दिशेने, म्हणजे कनिष्ठाने वरिष्ठाची चूक दाखवण्याचा मार्ग, वरिष्ठानेच बांधून द्यावा लागतो. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त आढळल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या. तिथे त्या सांगण्याची भीती कमी होती. आपल्या विभागातून कधीच वाईट बातमी येत नसेल, तर वरिष्ठाने समाधान मानण्याऐवजी चौकशी करावी.

आठवी पायरी: लेखी निरोप पाठवण्याआधी स्वर तपासावा

लिहिताना आपल्या मनातला स्वर कागदावर उतरला आहे असे वाटते, पण वाचणाऱ्याला तो दिसत नाही. थट्टा, उपरोध आणि तातडी या तीन गोष्टी लेखी निरोपात सर्वांत आधी बिघडतात, त्यामुळे वेगळ्या पार्श्वभूमीच्या सहकाऱ्याला लिहिताना पहिल्या दोन टाळाव्यात आणि तिसरी स्पष्ट शब्दांत वेळेसह लिहावी. नाराजी व्यक्त करायची असेल तर मेल न लिहिता बोलावे. ग्रुपवर सण-उत्सवांच्या शुभेच्छा द्यायच्या असतील तर सर्वांच्या द्याव्यात, किंवा ग्रुप फक्त कामापुरता ठेवावा. राजकारण, धर्म आणि समाजासमाजांवरचे विनोद पुढे पाठवणे मात्र पूर्ण बंद करावे.

नववी पायरी: कोणी दुखावले गेले तर

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी शब्द लागतो. 'तुमचे ते बोलणे मला खटकले' असे कोणी सांगितले तर पहिले काम ऐकणे हे आहे, हेतू समजावणे नाही. 'माझा तसा उद्देश नव्हता' हे खरे असले तरी ते पहिले वाक्य होऊ नये, कारण त्यामुळे चर्चा लागलेल्या शब्दावरून आपल्या चांगुलपणाकडे वळते. 'सांगितलेत हे बरे झाले. मी तो शब्द वापरायला नको होता, पुढे वापरणार नाही' एवढे पुरते, आणि नंतर खरोखर वापरू नये. 'तुम्हाला वाईट वाटले असेल तर माफ करा' या वाक्यात दोष ऐकणाऱ्याच्या संवेदनशीलतेवर ढकललेला असतो, ते टाळावे.

ज्याला लागले आहे त्याच्यावर शिकवणी घेण्याची सक्ती नसते, पण त्याला बोलायचे असेल तर शब्द, प्रसंग आणि परिणाम या क्रमाने सांगणे सोपे जाते: 'काल सर्वांसमोर तुम्ही माझ्या गावावरून जे बोललात, त्यावर लोक हसले आणि त्यानंतर माझा मुद्दा कोणी गांभीर्याने घेतला नाही.' तिथे हजर असलेल्यांची जबाबदारी मला इतरांपेक्षा मोठी वाटते. शेरा ऐकून हसू न येऊ देणे, 'यात काय सांगायचे होते ते समजले नाही' असे शांतपणे म्हणणे, किंवा नंतर त्या सहकाऱ्याला भेटून 'मी ते ऐकले आणि मला ते पटले नाही, तुम्हाला काय करावेसे वाटते?' असे विचारणे, यांपैकी एक तरी गोष्ट प्रत्येकाला जमते.

दहावी पायरी: गैरसमज कुठे संपतो आणि भेदभाव कुठे सुरू होतो, हे स्पष्ट ठेवावे

प्रत्येक गोष्ट संवादाने मिटत नाही आणि ती मिटावी असा आग्रहही धरू नये. जातीवरून, धर्मावरून, वर्णावरून किंवा लिंगावरून काम नाकारणे, बढती अडवणे, पाणउतारा करणे, धमकावणे किंवा लैंगिक छळ करणे याला 'त्यांची बोलण्याची पद्धत' म्हणून पांघरूण घालता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारात नोकरी आणि व्यवसायातील भेदभावाची व्याख्या आहे. कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांवरचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये संमत झाला आणि २५ जून २०२१ पासून अमलात आला. या दुसऱ्या करारानुसार असे वर्तन एकदाच घडले तरी ते छळात मोडू शकते. वारंवार घडले पाहिजे अशी अट नाही.

अशा प्रसंगी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, संदेश आणि मेल जपून ठेवावेत, आणि संस्थेतील तक्रार समितीकडे किंवा कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे लेखी तक्रार करावी. वरिष्ठाकडे तक्रार आली तर दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' असे म्हणू नये. दोघांच्या अधिकारात फरक असतो तेव्हा अशा समेटात कमजोर बाजूच वाकते.

अकरावी पायरी: गटाची रीत लिहावी आणि तपासत राहावी

वरच्या गोष्टी एकेकाच्या चांगुलपणावर सोडल्या तर माणूस बदलला की त्या विरून जातात. गटाने तासभर बसून एक पानभर रीत लिहावी: उत्तर किती वेळात द्यायचे, कामाच्या वेळेबाहेर कोणत्या कारणासाठी फोन करायचा, अडचण कोणत्या शब्दांत कळवायची, मतभेद कुठे मांडायचे, कोणाला कसे संबोधायचे, सुट्ट्यांची एकत्रित दिनदर्शिका कोणी ठेवायची. कच्चा मसुदा वरिष्ठाने लिहू नये. लिहिला तर बाकीचे त्यावर सही करतात, पण आपले म्हणणे त्यात घालत नाहीत. कंत्राटी आणि अर्धवेळ सहकाऱ्यांनाही या बैठकीला बोलवावे आणि तिथे घालवलेला वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरावा. नव्याने रुजू होणाऱ्याला हे पान पहिल्या दिवशी द्यावे आणि महिन्याभराने त्यालाच विचारावे, की यातले काय प्रत्यक्षात पाळले जात नाही. नवा माणूस जे पाहतो ते जुन्यांच्या नजरेतून सुटलेले असते.

तिमाहीतून एकदा मागच्या बैठकांची इतिवृत्ते काढून पाहावीत. कोणाची नावे वारंवार येतात, कोणाचे नाव एकदाही आलेले नाही, कंटाळवाणी कामे कोणाच्या वाट्याला जातात, बैठकीच्या नोंदी दर वेळी कोणाला लिहायला सांगितल्या जातात, आणि गट सोडून गेलेली माणसे कोण होती, हे प्रश्न कागद समोर ठेवून विचारावेत. ज्या नावांचा उल्लेखच सापडला नाही, त्यांच्यापासून पुढच्या बैठकीची सुरुवात करावी, आणि त्यांना ते आदल्या दिवशीच कळवावे.